मराएवर कॅमेरा नेण्याआधी: माओरी मेळावे आणि चर्चमधल्या छायाचित्रणासाठी मार्गदर्शक

न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांचे मेळावे, उपासना किंवा अंत्यविधी यांचं दस्तऐवजी छायाचित्रण करायचं ठरलं की नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, "परवानगी कुणाकडून घ्यायची?" प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्याने भागत नाही. इथली परवानगी एका सहीने मिळून संपत नाही. मराएवर, म्हणजे समाजाच्या मेळाव्यांच्या आवारात, येण्याची वेगळी, स्वागतविधी टिपण्याची वेगळी, घराच्या आत कॅमेरा काढण्याची वेगळी, आणि चित्र छापण्याची तर साफ वेगळी. प्रत्येक टप्प्यावर नव्याने विचारायचं असतं, आणि प्रत्येक टप्प्यावर नकार मिळू शकतो.

याचा धडा न्यूझीलंडने १९६४ मध्ये घेतला. आन्स वेस्ट्रा या छायाचित्रकर्तीने खेड्यातल्या एका माओरी कुटुंबाची चित्रं काढली आणि शिक्षण खात्याने ती शाळांसाठीच्या पुस्तिकेत छापली. कुटुंबाने तिला घरात मोकळेपणाने वावरू दिलं होतं. पण सगळे माओरी अशाच मोडक्या घरांत राहतात असा समज पसरेल, असा आक्षेप माओरी विमेन्स वेल्फेअर लीगने घेतला. खात्याने पुस्तिका मागे घेतली आणि प्रती नष्ट केल्या. चित्रं चांगली होती की वाईट, यावर आजही वाद होतो. तुमच्यापुरता मुद्दा सरळ आहे: चौकटीतल्या माणसाने हो म्हटलं म्हणजे त्याच्या समाजाने हो म्हटलं असं होत नाही.

१. पहिला प्रसंग नीट निवडा

सुरुवात अशा ठिकाणी करा जिथे बाहेरची माणसं येणं नवीन नाही.

राताना या माओरी ख्रिस्ती चर्चचा जानेवारीतला मेळावा हा त्यातला सगळ्यात सोयीचा. संस्थापक ताहुपोतिकी विरेमू राताना यांचा जन्मदिवस २५ जानेवारी, आणि त्यानिमित्त वांगानुई शहराजवळच्या राताना पा या वस्तीत देशभरातून अनुयायी जमतात. २४ तारखेला राजकीय पक्षांचं स्वागत होतं, त्यामुळे त्या दिवशी पत्रकारांची झुंबड असते. नवखे लोक नेमके त्याच दिवशी येतात आणि पुढाऱ्यांच्या पाठी टिपून परततात. समाज बघायचा असेल तर दोन दिवस आधी पोहोचा आणि २५ तारखेला थांबा. बँडचा सराव, मुलांचे खेळ, सकाळची उपासना, स्वयंपाकघरातली लगबग हे सगळं पुढाऱ्यांच्या आगेमागेच घडतं.

वाइतांगी येथे ६ फेब्रुवारीला, १८४० च्या तहाच्या स्मृतिदिनी, पहाटेची प्रार्थना होते. तिथेही गर्दी आणि कॅमेरे दोन्ही असतात. कॅथलिक माओरींचा हुई आरांगा हा मेळावा ईस्टरला भरतो. त्यात उपासनेबरोबर कापा हाका म्हणजे गायन-नृत्याच्या स्पर्धा आणि खेळही असतात, म्हणून चित्रांना विविधता मिळते.

रिंगातू पंथाच्या उपासनेचं मात्र पहिल्याच वर्षी मनावर घेऊ नका. ते कूटी यांनी स्थापन केलेल्या या पंथाची उपासना दर महिन्याच्या १२ तारखेला होते, बहुधा मराएवरच्या सभागृहात, आणि प्रार्थना पुस्तकातून न वाचता तोंडपाठ म्हटल्या जातात. माणसं थोडी, जागा बंद, वातावरण एकाग्र. तिथे अनोळखी कॅमेरा खटकतो. कुणी बोलावलं तरी पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय जा.

२. कुणाला, केव्हा आणि काय विचारायचं

मराए हे सार्वजनिक मैदान नव्हे. बहुतेक मराए १९९३ च्या ते तुरे फेनुआ माओरी कायद्याखाली राखीव जमिनीवर आहेत आणि त्यांचे विश्वस्त असतात. पहिलं पत्र विश्वस्तांना किंवा मराए समितीला. चर्चचा कार्यक्रम असेल तर तिथल्या धर्मगुरूंनाही. विश्वस्तांनी होकार दिला तरी त्या दिवशीचा शब्द काउमातुआ (ज्येष्ठ पुरुष) आणि कुइया (ज्येष्ठ स्त्रिया) यांचा असतो. ते ऐन वेळी नको म्हणाले तर पत्र दाखवून वाद घालू नका. पत्र खिशात राहतं आणि संबंध तुटतात.

किमान सहा ते आठ आठवडे आधी लिहा. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, आणि मध्ये कुणाचं निधन झालं तर मराए अंत्यविधीसाठी जातं, ठरलेला कार्यक्रम पुढे ढकलला जातो. परतीचं तिकीट बदलता येण्यासारखं काढा.

पत्रात एवढं असू द्या: तुम्ही कोण, मूळचे कुठले, कुणाच्या ओळखीने लिहिताय, चित्रं कशासाठी, कुठे दिसतील, कुठे दिसणार नाहीत, विकली जाणार का, मूळ फाइल कुणाकडे राहतील, मराएला काय मिळेल. "संस्कृतीचं दर्शन घडवायचं आहे" असली वाक्यं गाळा. त्यातून समितीला काहीच कळत नाही.

ओळखीचा माणूस नसेल तर तो आधी शोधा. ऑकलंड, वेलिंग्टनकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना हे अवघड नाही: मुलांच्या शाळेतला कापा हाका गट, कामावरचा सहकारी, गावातला माओरी भाषेचा वर्ग. वर्षभर वर्गाला जाणाऱ्याला जे दार उघडतं ते ईमेलने उघडत नाही.

३. कागदपत्रं आणि सामान

भारतीय पारपत्रावर येणाऱ्यांना व्हिसा आधी काढावा लागतो. न्यूझीलंडमधल्या संस्थेकडून मानधन घेणार असाल तर साध्या पर्यटक व्हिसावर ते चालत नाही, त्यासाठी कामाची मुभा असलेला व्हिसा लागतो. विमानतळावर जैवसुरक्षा तपासणी कडक असते. ट्रायपॉडच्या पायांना किंवा बुटांना माती लागलेली असेल तर ती आधी धुऊन काढा आणि प्रवेशाच्या घोषणापत्रात नोंदवा. खाऊ, लोणचं, बिया, फुलांच्या माळा हेही नोंदवा. न नोंदवल्यास जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो.

बॅगेत ठेवायच्या गोष्टी:

- विश्वस्तांच्या होकाराची छापील प्रत
- नावं लिहायची वही (फोनवर टिपणं घेणारा माणूस संदेश वाचतोय असं दिसतं)
- कोहासाठी (पाहुण्यांनी यजमानांना द्यायची भेट) कोरं पाकीट आणि रोख रक्कम
- एक किंवा दोन कॅमेरे, दोन्हींना आवाज न करणारं शटर हवं
- ३५ मिमी एफ १.८ किंवा १.४, आणि ८५ मिमी एफ १.८. यांच्यावर नव्वद टक्के काम होतं
- तीन बॅटऱ्या, दोन मेमरी कार्ड, पावसाचं कव्हर
- गडद, साधे कपडे. स्त्रियांनी लांब स्कर्ट सोबत ठेवावा, पुष्कळ मराएंवर स्वागताच्या वेळी तो अपेक्षित असतो

फ्लॅश घरी ठेवा. ७०-२०० मिमीची लेन्स मैदानावरच्या हाकासाठी (आवेशाचं समूहनृत्य) उपयोगी आहे, पण तिच्याने दुरून रडणारे चेहरे टिपणं म्हणजे चोरी. असं चित्र ओळखू येतं, आणि ते काढणारा माणूसही.

बॅगेत खाण्याचं काही ठेवू नका, पाकीटबंद बिस्किटसुद्धा नको. अन्न आणि तापू (पवित्र, वर्ज्य) एकत्र येऊ द्यायचे नाहीत हा इथला पायाभूत नियम. तीच बॅग घेऊन तुम्ही सभागृहात आणि कदाचित दफनभूमीतही जाणार असता.

४. पोफिरी: स्वागतविधीत उभं कुठे राहायचं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून हा क्रम पाठच करा.

पाहुणे फाटकाबाहेर जमतात. आतून यजमान स्त्री कारांगा, म्हणजे लांब सुरातली हाक, देते. पाहुण्यांमधली स्त्री उत्तर देते. गट हळू चालत अंगणात येतो, मध्ये थांबून मृतांचं स्मरण करतो, मग समोरासमोर बाकांवर बसतो. पुढच्या रांगेत सहसा पुरुष वक्ते. मग फाइकोरेरो, म्हणजे भाषणं, आणि प्रत्येक भाषणामागे वायाता, म्हणजे गीत. पाहुण्यांचा शेवटचा वक्ता कोहाचं पाकीट जमिनीवर ठेवतो, यजमान ते उचलतात. नंतर रांगेने हस्तांदोलन आणि होंगी, म्हणजे नाकाला नाक व कपाळाला कपाळ टेकवणं. शेवटी जेवण, आणि त्यानंतरच पाहुणा मोकळा होतो.

पहिल्यांदा येणाऱ्याला वायवाय तापू म्हणतात. तो छायाचित्रकार असला तरी आधी पाहुणा. म्हणून पहिल्या भेटीत कॅमेरा बॅगेत ठेवून गटाबरोबर चालत या. स्वागतविधीचीच चित्रं हवी असतील तर आदल्या दिवशी येऊन स्वतःचं स्वागत करून घ्या. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही यजमानांच्या बाजूने उभे राहू शकता, आणि चालत येणाऱ्या पाहुण्यांचे चेहरे तुमच्या समोर येतात. यजमानांची बाजू सोडून पाहुण्यांच्या पुढे पुढे उलटं चालत चित्रं काढणारे लोक दिसतात. त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं जात नाही.

यजमान आणि पाहुणे यांच्यामधली मोकळी जागा ओलांडायची नाही. भाषण चालू असताना वक्त्याच्या समोरून जायचं नाही. कोहा जमिनीवर असताना तर हालचालच नको. जागा बदलायची असेल तर वायाता संपल्यावर, पुढचा वक्ता उठण्याआधी, घराच्या किंवा तंबूच्या मागून वळसा घालून.

भाषणांचा क्रम आधी विचारून घ्या. काही भागांत आधी सगळे यजमान बोलतात आणि मग सगळे पाहुणे, याला पाएके म्हणतात. इतरत्र आळीपाळीने बोलतात, ते ताउउतुउतु. कुठली पद्धत आहे हे माहीत असेल तर पुढचा वक्ता कुठल्या बाजूने उठणार ते कळतं आणि तुम्हाला मान वळवत बसावं लागत नाही.

प्रकाशाचा प्रश्न ठरलेला: अंगणात कडक ऊन, यजमान ओसरीच्या सावलीत, कपडे काळे. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजणीवर सोडलंत तर काळ्या कपड्यांमुळे चेहरे पांढरे पडतात किंवा उन्हातल्या अंगणामुळे ओसरीचा काळोख होतो. चेहऱ्यावर स्पॉट मोजणी करा, एक्स्पोजर हाताने पक्कं करा, रॉ फाइल ठेवा. हाका आणि वेरो (शस्त्र घेऊन दिलं जाणारं आव्हान) यांना १/८०० सेकंद किंवा त्याहून जलद. होंगीला १/२५० पुरे.

होंगीची चित्रं बाजूने, डोळ्यांच्या उंचीवरून, ५० मिमीच्या आसपास. आणि रांगेत तुमचीही पाळी येतेच. तेव्हा कॅमेरा पट्ट्यासकट पाठीवर सरकवा. छातीवर लटकणारा कॅमेरा समोरच्या आजींच्या छातीवर आपटतो, हे फार वेळा होतं.

कोहा गटाचा मिळून एक देतात. एकट्याने गेलात तर २० ते ५० डॉलर साधारण चालतात. रात्री राहणार असाल तर जेवणाखाणाचा खर्च निघेल एवढे द्या. ही फी नव्हे, तिच्याने चित्रांचा हक्क मिळत नाही.

५. सभागृहाच्या आत

चपला बाहेर काढायच्या, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. बाकीचं सांगावं लागतं.

फारेनुई, म्हणजे कोरीव सभागृह, हे पूर्वजाचं शरीर मानलं जातं: आढं हा कणा, वासे या फासळ्या, दर्शनी तिरक्या फळ्या हे हात. खांबांवर कोरलेले पूर्वज आहेत. त्यांना टेकू नका, त्यांच्याला दिवा किंवा स्टँड लावू नका, टोपी अडकवू नका. भिंतीवरचे फोटो मृतांचे असतात, त्यांच्या ओळीत जिवंत माणसाचं चित्र कधीही ठेवायचं नाही. तुम्ही भेट म्हणून आणलेल्या प्रिंटसुद्धा तिथे टेकवून ठेवू नका.

आत गाद्या अंथरलेल्या असतात. उशीवर बसायचं नाही, कारण डोकं तापू. कुणाचे पाय ओलांडायचे नाहीत. याच कारणाने ट्रायपॉड आत नको, त्याचे फाकलेले पाय लोकांना ओलांडावे लागतात. खाणंपिणं आत नाही.

उजेड कमी असतो आणि मिश्र. आयएसओ ३२०० ते ६४००, एफ १.८ ते २, १/१०० सेकंद ही सुरुवात. १/१०० मुद्दाम: न्यूझीलंडची वीज भारतासारखीच ५० हर्ट्झची, आणि मूक इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना ट्यूबलाइटखाली इतर वेगांवर चित्रात आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वर ते सहसा टळतात. स्वस्त एलईडी असेल तर तिथेही येऊ शकतात, म्हणून लोक यायच्या आधी रिकाम्या भिंतीवर दोन-तीन चित्रं काढून पाहा. तांबडा रंग आणि वार्निश केलेलं लाकूड त्वचेवर नारिंगी झाक टाकतं. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास पक्का ठेवा, नाहीतर प्रत्येक चित्राचा रंग निराळा येईल आणि नंतर संगणकावर रात्र जाईल.

शिंपल्याचे डोळे असलेल्या कोरीवकामाचं नुसतं जवळून चित्र काढायचं असेल तरी वेगळं विचारा. कोरीवकामाचा एखादा तुकडा कापून पोस्टर, कापड किंवा लोगोसाठी वापरणं हा तर फार जुना आणि फार दुखरा विषय आहे. १९९१ चा वाइ २६२ हा दावा याच धर्तीच्या प्रश्नांवर होता आणि वाइतांगी न्यायाधिकरणाने (तहाखालच्या माओरी दाव्यांची चौकशी करणारी संस्था) त्यावर २०११ मध्ये अहवाल दिला.

६. चर्चमध्ये

साधा नियम: काराकिया, म्हणजे प्रार्थना, चालू असताना कॅमेरा खाली. स्तोत्र सुरू झालं की वर. मान झुकवलेल्या लोकांचं चित्र मोहात पाडतं, पण त्या शांततेत मूक शटरचीसुद्धा हालचाल दिसते. बाजूच्या मार्गिकेत, मधल्या ओळीच्या आसपास उभे राहा. वेदीच्या मागे जाऊ नका.

प्रत्येक पंथात बघण्यासारखं वेगळं. राताना पा येथील मंदिर २५ जानेवारी १९२८ रोजी उघडलं. त्याच्या दोन मनोऱ्यांना आरेपा आणि ओमेका ही नावं आहेत, आणि तारा व चंद्रकोर हे चर्चचं चिन्ह सगळीकडे दिसेल. पितळी वाद्यांचे बँड ही इथली जान. पितळेवर जानेवारीचं ऊन पडलं की चमक जळून जाते, म्हणून एक स्टॉप कमी ठेवा किंवा संध्याकाळची वाट पाहा. जानेवारी अखेरीस उजेड रात्री साडेआठपर्यंत असतो.

अँग्लिकन चर्चमध्ये टिकिटिकी येथील सेंट मेरीज पाहण्याजोगं. माओरी नेते आपिराना न्गाता यांच्या पुढाकाराने पहिल्या महायुद्धातल्या न्गाती पोरोऊ जमातीच्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते उभारलं. भिंतींवर तुकुतुकू (विणीची जाळी), वाशांवर कोफायफाय (रंगीत वळणं). ओताकीचं रांगीआतेआ चर्च १९९५ मध्ये जाळलं गेलं आणि पुन्हा बांधून २००३ मध्ये उघडलं. तिथल्या वयस्कर माणसांशी बोलताना हे लक्षात असू द्या. रोटोरुआच्या ओहिनेमुतू भागात सेंट फेथ्समध्ये माओरी झगा ल्यालेला ख्रिस्त काचेवर कोरलेला आहे आणि तो मागच्या सरोवरावर चालताना भासतो. पर्यटकांची वर्दळ असलेल्या अशा ठिकाणी दारावरच्या पाट्या वाचा. आत चित्रण नको असेल तर "मी दस्तऐवजी काम करतो" हे कारण होत नाही.

७. तांगी आणि दफनभूमी

तांगीहांगा म्हणजे अंत्यविधी, सहसा तीन दिवस. मृतदेह उघड्या पेटीत, शेजारी कुटुंबातल्या स्त्रिया काळ्या कपड्यांत, डोक्यावर हिरव्या पानांचं वेढं, आजूबाजूला आधी गेलेल्यांचे फोटो. नवख्याने इथे कॅमेरा काढायचाच नाही. कुटुंबाने स्वतःहून सांगितलं तर आणि तेवढंच. मृतदेहाचं चित्र मागितलं गेलं तर ते त्यांच्यासाठी, तुमच्या संग्रहासाठी नाही. त्या फाइल वेगळ्या कार्डावर घ्या आणि कार्डच त्यांना द्या.

दफनभूमी म्हणजे उरुपा. थडग्यांवर पाय नको, खाणं नको, बाहेर पडताना फाटकाजवळच्या पाण्याने हात धुवायचे. तिथे ड्रोन उडवण्याचा विचार करू नका. न्यूझीलंडच्या विमान वाहतूक नियमांनुसार ज्यांच्यावरून आणि ज्यांच्या जमिनीवरून ड्रोन जातो त्यांची संमती लागते, आणि शोकाच्या ठिकाणी ती कुणी देत नाही.

८. स्वयंपाकघर

मला विचाराल तर चांगलं दस्तऐवजी काम इथेच होतं. रिंगावेरा, म्हणजे राबणारी मंडळी, पहाटेपासून कामाला असतात आणि त्यांची चित्रं कुणी काढत नाही. हांगी, म्हणजे जमिनीतली भट्टी, टिपायची तर दगड तापवायच्या वेळी, उजाडण्यापूर्वी हजर हवं. अन्न पुरल्यावर साधारण तीन-चार तास दिसायला काही नसतं. तेवढ्यात बटाटे सोला. आधी तासभर काम, मग कॅमेरा. टेबलावर बसू नका, कॅमेरा-बॅग आणि टोपी टेबलावर ठेवू नका, भांडी पुसायच्या फडक्याने लेन्स पुसू नका. वाफेत लेन्सवर धुकं धरतं, म्हणून पाच मिनिटं आधी कॅमेरा आत आणून ठेवा.

९. नावं, हक्क आणि परतफेड

प्रत्येक चित्राबरोबर नाव, इवी (जमात), हापू (उपजमात), मराए आणि तारीख. दीर्घ स्वराची खूण वगळली तर नाव बदलतं, त्यामुळे ज्याचं त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. "माओरी वृद्धा" अशी ओळ म्हणजे काम अर्धवट. चेहऱ्यावर मोको (पारंपरिक गोंदण) असलेल्यांची जवळून काढलेली चित्रं चित्रविक्रीच्या संकेतस्थळांवर कधीही टाकू नका. ती नक्षी त्या माणसाची वंशावळ सांगते.

कायद्याचं एक कलम लक्षात ठेवा. १९९४ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन छायाचित्र काढून घेतलं तर वेगळा करार नसल्यास प्रताधिकार त्याचा. घरगुती कामासाठी काढून घेतलेलं चित्र, प्रताधिकार तुमच्याकडे असला तरी, त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. पैशांचा संबंध नसेल तेव्हा कायदा तुमच्या बाजूला असतो, आणि नेमकं तेव्हाच लेखी ठरवून घ्यावं: कुठली चित्रं मराएपुरती, कुठली प्रदर्शनात, कुठली कुणालाच नाहीत.

महिनाभरात मराएला पूर्ण संच द्या: मोठ्या जेपेग फाइल हार्ड डिस्कवर आणि १५ बाय १० सेंटीमीटरच्या प्रिंट. ऑनलाइन दुव्यावर विसंबू नका, तो वर्षभरात मरतो. प्रिंट स्वतः नेऊन दिल्यात तर लोक चित्रांतली माणसं ओळखून नावं सांगतात, चुका दुरुस्त होतात, आणि कुठलं चित्र नको तेही तिथेच कळतं.

चित्रातलं कुणी नंतर वारलं तर ते पुन्हा दाखवण्यापूर्वी कुटुंबाला विचारा. काहींना ते लगेच हवं असतं, काहींना वर्षभर नको असतं. चित्र काढून टाकायला सांगितलं तर त्याच दिवशी संकेतस्थळावरून उतरवा, ज्यांना ज्यांना दिलंय त्या संपादकांना कळवा, आणि काढलं म्हणून कुटुंबाला लेखी कळवा. कारण विचारू नका.